बगदादचं कुटुंब ह्यूस्टनला आणताना

'वेलकम कोअर' ही योजना अमेरिकेने जानेवारी २०२३ मध्ये काढली. निर्वासित कुटुंबाची जबाबदारी सामान्य लोकांनी घ्यायची. निदान पाच जणांचा गट लागायचा, सगळे नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले. माणशी २,४२५ डॉलर उभे करायचे आणि पहिले ९० दिवस घर, शाळा, दवाखाना, नोकरीची खटपट आपण बघायची. ह्यूस्टनमधले आम्ही काही मराठी आणि दोन अमेरिकन शेजारी. गणपतीच्या वर्गणीची सवय असल्याने पैसे पटकन जमले, आराखडा लिहिताना मात्र घाम फुटला.

आमच्याकडे आलं ते बगदादचं कुटुंब, बरीच वर्षं जॉर्डनमधल्या अम्मानमध्ये अडकलेलं. विमानतळावर आजीने आयओएमची (स्थलांतराचं काम बघणारी आंतरराष्ट्रीय संघटना) पांढरी पिशवी छातीशी धरली होती. तिच्यात आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), लसीकरणाच्या नोंदी, एक्स-रे. पुढे कित्येक दिवस ती पिशवी तिने आमच्या हाती दिली नाही.

एका सरकारी खिडकीवर आजी-आजोबा दोघांचीही जन्मतारीख १ जुलै बघून बाईंनी फॉर्म परत सरकवले. चूक नव्हतीच. इराकमध्ये जुन्या माणसांची तारीख ठाऊक नसली की सर्रास १ जुलै लावतात. माझ्या वडिलांची १ जून आहे, मास्तरांनी शाळेत नाव घालताना लावलेली. बाईंना ते समजावायला मला वेळ लागला नाही.

विमानाचं भाडं फुकट नसतं, हे गटात कुणालाच माहीत नव्हतं. ते बिनव्याजी कर्ज असतं, काही महिन्यांनी हप्ते सुरू होतात. आमच्यातला एक बोलून गेला, "बॉम्बही अमेरिकेनेच टाकायचे आणि तिकिटाचे पैसेही तिनेच घ्यायचे?" मुलांचे वडील अमेरिकन फौजेचे दुभाषे होते. त्यापायीच धमक्या आल्या, देश सुटला आणि त्याच्याच जोरावर फाइल पुढे सरकली. ते हसून म्हणाले, "तुमच्यामुळे घर सुटलं, मग तुमच्याकडेच येणार ना?" २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा मी सोलापुरात कॉलेजात होतो, पण तेवढं सांगून सुटका करून घ्यावीशी वाटली नाही.

एका वर्षाने त्यांना ग्रीनकार्डाचा अर्ज करता येतो. माझी त्या रांगेत उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे मनात हिशेब झालाच, नाही कसं म्हणू.

मुलांच्या वडिलांच्या भावाची फाइल अम्मानमध्येच आहे. जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांचे प्रवेश थांबले, पाठोपाठ योजनाही गुंडाळली. भावासाठी जमवलेले पैसे खात्यात पडून आहेत. परत करावेत की थांबावं, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.