स्पेसर निवडताना जाडीचा विचार सर्वांत शेवटी करावा

चाके मडगार्डच्या कडेपर्यंत बाहेर आलेली दिसावीत, किंवा मोठ्या ब्रेक कॅलिपरला अलॉय व्हीलची आतली बाजू घासू नये, अशा कारणांसाठी बहुतेक जण व्हील स्पेसर, म्हणजे चाक थोडे बाहेर आणण्यासाठी त्याच्या मागे बसवायच्या धातूच्या चकत्या, शोधू लागतात आणि शोधाची सुरुवात ‘किती मिलिमीटरचे घ्यावेत’ या प्रश्नाने करतात. माझ्या मते आधी हब (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग), स्टड (हबमधून बाहेर आलेले, नट आवळायचे आट्यांचे दांडे) आणि चाक यांची मापे घ्यावीत. ती घेतल्यावर कोणती जाडी चालेल आणि कोणती नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.

गाडीचे वजन स्टडवर टांगलेले असते, असा एक सर्रास आढळणारा समज आहे. प्रत्यक्षात नट आवळल्यावर चाक हबच्या सपाट पृष्ठभागावर जोराने दाबले जाते आणि त्या दोन पृष्ठभागांमधील घर्षणच चाकाला जागेवरून सरकू देत नाही. स्पेसर बसवला की दाबून धरायच्या पृष्ठभागांची आणखी एक जोडी वाढते, म्हणून तो पूर्ण सपाट, कठीण आणि दोन्ही बाजूंनी समांतर असणे ही पहिली अट ठरते. ओतीव अॅल्युमिनियमचे स्वस्त स्पेसर मी विचारातही घेत नाही. 6061-टी6 किंवा 7075-टी6 या मिश्रधातूंचे, शक्यतो घडीव धातूतून यंत्रावर कातलेले स्पेसर घ्यावेत. एकावर एक दोन स्पेसर रचून हवी ती जाडी गाठण्याचा प्रकार तर कधीच करू नये.

दुसरे माप सेंटर बोअरचे, म्हणजे मधल्या भोकाचे. हबच्या मध्यभागी जी गोल कड बाहेर आलेली असते, ती चाकाला अचूक केंद्रात बसवते. चांगल्या स्पेसरचे भोक या कडेवर फटीशिवाय बसते आणि बाहेरच्या बाजूला त्याची स्वतःची तशीच कड असते. केवळ पीसीडी, म्हणजे स्टड किंवा बोल्टची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा मिमीमधील व्यास, जुळला म्हणून भागत नाही: फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांचा आणि मर्सिडीजच्या अनेक गाड्यांचा पीसीडी 5×112 हाच असला, तरी पहिल्यांचे सेंटर बोअर 57.1 मिमी आणि दुसऱ्यांचे 66.6 मिमी असते. ‘सर्व गाड्यांना चालणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, लांबट खाचांच्या स्पेसरमध्ये चाक केंद्रात ठेवायला काहीच नसते आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते.

जाडीची खरी अडचणही याच कडेपाशी येते. पुष्कळ गाड्यांमध्ये ही कड साधारण 10 मिमी उंच असते. 3 मिमीचा स्पेसर लावल्यावर चाकाला पकडण्यापुरती कड शिल्लक राहते, आणि 15 मिमीच्या स्पेसरला स्वतःची कड काढण्याइतका धातू असतो. परंतु मधल्या 6 ते 10 मिमीच्या पट्ट्यात जुनी कड जवळपास झाकली जाते आणि नवीन कडेलाही जागा उरत नाही. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने कडेची उंची मोजल्याशिवाय या पट्ट्यातला स्पेसर मागवू नये.

स्टडवरून नुसता सरकवायचा स्पेसर असेल, तर त्याच्या जाडीइतके आटे कमी होतात. आट्यांची पकड निदान स्टडच्या व्यासाइतकी असावी, हा जुना आणि विश्वासार्ह नियम आहे. एम12×1.5 च्या, म्हणजे 12 मिमी व्यासाच्या आणि दर फेऱ्याला 1.5 मिमी पुढे सरकणाऱ्या आट्यांच्या, स्टडवर 12 मिमी पकड म्हणजे नटाचे पूर्ण 8 फेरे, एम12×1.25 असेल तर साधारण साडेनऊ. स्पेसर आणि चाक जागेवर ठेवून नट बोटांनी फिरवत हे फेरे मोजावेत, आणि कमी भरले तर लांब स्टड बसवावेत. लांब स्टडला बंद तोंडाचा नट लावताना मात्र स्टडचे टोक आतून टोपीला टेकत नाही ना, हे पाहावे; टेकले तर पाना कडक लागतो, पण चाक दाबले गेलेले नसते. बोल्टने चाक बसणाऱ्या गाड्यांत बोल्ट मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीइतकाच जास्त लांब घ्यावा, कारण त्याहून लांब बोल्ट हबच्या मागच्या भागांवर आपटू शकतो. त्याच्या टेकणाऱ्या भागाचा आकार, शंकूसारखा किंवा गोलसर, चाकातील बैठकीशी जुळला पाहिजे.

साधारण 20 मिमीच्या पुढे स्वतःचे स्टड असलेले, हबला वेगळे आवळायचे स्पेसर मिळतात. त्यात मूळ स्टडची टोके स्पेसरच्या पृष्ठभागाबाहेर डोकावत असतील आणि चाकाच्या पाठीवर तेवढे खळगे नसतील, तर चाक सपाट टेकणारच नाही. स्पेसरवर पोलादी पट्टी आडवी धरली की हे लगेच दिसते.

15 मिमीच्या स्पेसरने ऑफसेट, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे मिमीमधील अंतर, 45 वरून 30 वर येतो आणि बेअरिंगवरचा पीळ वाढतो. पुढच्या चाकांना लावल्यास खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग अधिक ओढू लागते. बदल मोठा हवा असेल, तर योग्य ऑफसेटचे चाकच घ्यावे, असे मला वाटते. स्थानिक नियम आणि विम्याच्या अटीही खरेदीपूर्वी वाचाव्यात.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने धातू उघडा होईपर्यंत काढावा. कडेच्या मुळाशी चिकटलेला पापुद्रा राहिला, तरी स्पेसर तिरका बसतो. नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि आट्यांना ग्रीस लावू नये, कारण त्याच आकड्याला स्टडवर जास्त ताण येतो. 50 ते 100 किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासावा. वेगळ्या आवळायच्या स्पेसरमध्ये आतले नट चाकामागे झाकलेले असतात, त्यामुळे ही तपासणी चाक उतरवूनच करावी लागते.