नवतपा, कूलर आणि जुने ऑक्सिजन मास्क

वैमानिकांच्या जुन्या हेल्मेटांचा संग्रह करताना आधी जातं ते रबर. कवच टिकतं, चामडंही सांभाळलं तर टिकतं, पण मास्क हातात असतानाच संपतो. नागपुरात त्याच्यासाठी सगळ्यात वाईट जागा दोन: स्लॅबखालचा माळा आणि कूलरसमोरची भिंत.

माळ्यावर नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, रबर अक्षरशः शिजतं. आधी चिकट होतं, मग कडक. कूलरचं दुखणं वेगळं. मे महिन्यातली हवा ठणठणीत कोरडी, कूलर लावला की खोली ओली, बंद केला की पुन्हा कोरडी. या रोजच्या चढउतारानं चामडं शिवणीपाशी उलतं आणि पितळी रिव्हेटांभोवती हिरवा मेणचट थर धरतो. चामड्यातली चरबी आणि तांबं यांच्यातून तो तयार होतो. लाकडी टूथपिकनं हलकेच खरवडून काढा, ओल्या फडक्यानं पसरवू नका. आणि कृपया खोबरेल लावू नका! तेलानं चामडं पुढे काळवंडतं आणि नैसर्गिक रबर फुगतं.

मास्क हेल्मेटला घट्ट अडकवून मांडणं दिसायला झकास, पण ताणलेल्या रबरावर ओझोन लगेच काम करतो. ताणाच्या आडव्या दिशेनं बारीक चिरा पडतात. रशियन झेडएसएच-३ हेल्मेटवर केएम-३२ मास्क लावायचाच असेल तर पट्टे सैल ठेवा. एरवी मास्क वेगळाच ठेवलेला बरा. आत धुतलेला, खळ काढलेला मांजरपाट सैलसर भरा, म्हणजे घडी पडत नाही. हेल्मेट मांडायच्या थर्माकोलच्या डोक्यावरही आधी हेच कापड घाला. पीव्हीसीच्या नळीतून झिरपणारा प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) थर्माकोल खातो.

ठेवायला पॉलिप्रोपिलीनचा डबा घ्या. २५ लिटरला अर्धा किलो सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत हवा. ४० च्या खाली गेला तर थोडं जेल काढून घ्या. पावसाळ्यात जेल वरचेवर तापवून सुकवावं लागतं. डांबराच्या गोळ्या नकोत, काही प्लास्टिक त्यांच्या वाफेनं मऊ पडतं. पॉलिकार्बोनेटच्या व्हायजरला (हेल्मेटच्या डोळ्यांपुढच्या पारदर्शक झडपेला) स्पिरिट किंवा अमोनियाचा काचक्लीनर लावला की जाळीदार तडे जातात. साधं पाणी, थेंबभर सौम्य साबण, पुरे.

रबरावर पांढरी भुकटी दिसली की लोक बुरशी समजून घासत सुटतात. बहुतेकदा ते आतून वर आलेलं मेण किंवा गंधक असतं. कोरड्या मऊ ब्रशनं झटका. बुरशी केसाळ असते, कुबट वास येतो.

विकत घेताना चकाकणाऱ्या मास्कवर संशय घ्या, सिलिकॉन स्प्रे मारून चिरा झाकलेल्या असतात. नळीच्या वळ्यांमधल्या खाचा बघा, खरं वय तिथे दिसतं. ब्रिटिश मालावर साठा-क्रमांकाची सुरुवात वाचा: हेल्मेट २२सी, ऑक्सिजन मास्क ६डी, इअरफोन व मायक्रोफोन १०ए. ‘एएम’ हा शिक्का एअर मिनिस्ट्रीचा, म्हणजे ब्रिटनच्या हवाई खात्याचा. ते खातं १९६४ मध्ये संरक्षण मंत्रालयात विलीन झालं, म्हणून त्यानंतरच्या तारखेच्या मालावर हा शिक्का दिसला तर भाव करण्याआधी थांबा.

जुना मास्क सिलिंडरला जोडून बघण्याचा मोह आवरा. झडपा चिकटलेल्या असतात, आणि कुणी कधी तेल लावलं असेल तर दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं.