पुनवेचं पाणी

पहाटे तीनला रंकाळा स्टँडवरून जीप सुटली तेव्हा माझ्या फाइलीत सगळं होतं. सूर्योदयाची वेळ, पक्ष्यांची यादी, टी.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, नऊ पोरापोरींच्या पालकांच्या सह्या. भरतीची वेळ तेवढी नव्हती. ती बघावी लागते हेच डोक्यात आलं नाही. प्राणिशास्त्र शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झालीत, हे इथंच सांगितलेलं बरं.

आमचं पक्षीनिरीक्षण कोल्हापुरातलं, म्हणजे रंकाळा तलावावर नाहीतर कळंबा तलावावर. उजाडायला पोचायचं, एवढाच नियम. वारकरी, शेकाटे, हळदी-कुंकू बदकं काल जिथं होती तिथंच आज. कळंब्याचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, पावसात चढतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा खालीवर होतं, हे आम्हा घाटावरच्यांनी फक्त पुस्तकात वाचलेलं.

आजरा, आंबोली, सावंतवाडी करत सव्वासातला शिरोड्याच्या मिठागरात उतरलो. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहातलं शिरोडं ते हेच. चौकोनी वाफे, मधे मातीचे बांध, वर धुकं. पक्षी म्हणाल तर दोन बगळे.

अर्धा तास दुर्बिणी फिरल्या. शेवटी कागलचं एक पोरगं बोललंच, "सर, ह्यापरीस रंकाळ्यावर जास्त असत्यात की."

बांधाला चिखल लिंपणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यानंच हाक मारली. "मामा, हितं पक्षी येत न्हाईत व्हय?"

"येतत तर! पाणी अजून पुरा चढाक नाय. सगळे खाडीच्या चिखलात चरतत. थंय पाणी चढला काय बसाक जागा खंय? मगे हय येतले." मग माझ्याकडं वळून, "मास्तरांनू, आज पुनव. धा वाजता बघा."

हिशेब त्यांनीच सांगितला. तिथीला पाऊणनं गुणायचं. पुनवेचे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा; त्याच्या आगंमागं भरती पूर्ण. पोरांनी मोबाइलवर गुणाकार केला. मी गप्प.

धा वाजेपर्यंत काय करायचं? मामांनी वाफे दाखवले. पहिल्यात खाडीचं पाणी नुकतंच घेतलेलं, बारकी मासळी होती. बगळे तिथंच का, ते कळलं. पुढच्या वाफ्यात ऊन लागून पाणी आटलेलं, खारटपणा वाढलेला. मासळी संपली, काठावर माश्यांचे थवे. शेवटच्यात कडेला पांढरी साय धरू लागलेली, तिथं काहीच जिवंत दिसेना. पोरांनी प्रत्येक वाफ्यात बोट बुडवून चाटलं. तिसऱ्यापाशी तोंडं वाकडी झाली. क्षारतेचा हा धडा मी दरवर्षी फळ्यावर आलेख काढून शिकवतो, आणि दरवर्षी मागचा बाक झोपतो.

पावणेदहाला खाडीकडून एक पट्टा उठला. धूर असावा असं वाटलं. तो वळला तशी पांढरी पोटं चमकली आणि पुन्हा सगळं करडं झालं. मग दुसरा पट्टा, तिसरा. उतरले ते थेट आमच्या समोरच्या बांधावर. चिखले, छोटे टिलवे, लाल पायांचे टिलवे, मागं लांब वाकड्या चोचीचे चार कोरल. पाच मिनिटांत बांध दिसेनासा झाला. सगळे वाऱ्याकडं तोंड करून, बरेचसे एका पायावर, चोची पिसांत.

दहा-दहाचे गठ्ठे करून मोजा म्हटलं. एका गटाचे दोनशे साठ, दुसऱ्याचे चारशे. घारीची सावली पडली की सगळे उडायचे आणि गणती पहिल्यापासून. छोटा टिलवा जेमतेम 25 ग्रॅमचा, सायबेरियाच्या उत्तरेहून आलेला, असं मी हळू आवाजात सांगत होतो. कुणी ऐकत नव्हतं, ते बरंच झालं.

निघताना मामांना चहाचे पैसे द्यायला गेलो. घेतले नाहीत. "पुढच्या वेळी आवशीक इचारून येवा," म्हणाले. समुद्राकडं हात करून. आवस म्हणजे आई.

पुढच्या रविवारी कळंब्यावर उजाडताना पोचलो. पाणी ढिम्म. कागलचं पोरगं गंभीर चेहरा करून म्हणालं, "सर, आज तिथी कुठली?"