चार बोटं जागा

तिची अट एकच होती. "माझं थोबाड काढायचं नाही आणि नाव कुठे छापायचं नाही. बाकी काय हवं ते कर."

"थोबाड काढायचंच नाहीये," मी म्हटलं.

यावर ती थोडी दुखावली असावी. पुढचं मिनिटभर फोनवर फक्त तिच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

त्याचं असं झालं. रिटायर झाल्यापासून मी दर रविवारी घाटकोपरला चित्रकलेच्या वर्गाला जाते. आम्ही अकरा जण आहोत. एक सीए मुलगा सोडला तर सगळ्यांना जिना चढताना कठडा लागतो. वर्षातून एकदा आम्ही वर्गणी काढून प्रदर्शन भरवतो. यंदा सरांनी विषय दिला तो असा: मित्राचं किंवा मैत्रिणीचं व्यक्तिचित्र, पण चेहरा न काढता. चेहराच काय, माणूसच काढायचा नाही. वस्तूंतून, रंगांतून, खुणांतून तो दिसला पाहिजे. "म्हणजे निवडणूक चिन्हासारखं का?" एका काकांनी विचारलं. "हो," सर म्हणाले, "फक्त मत मागायचं नाही."

मग त्यांनी पडद्यावर दोन खुर्च्या दाखवल्या. १८८८ साली दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी व्हॅन गॉगकडे त्याचा चित्रकार मित्र गोगँ राहायला आला. त्या दिवसांत व्हॅन गॉगने दोन रिकाम्या खुर्च्या रंगवल्या. स्वतःची साधी, गवती विणीची, तिच्यावर पाइप आणि तंबाखू, उजेड दिवसाचा. गोगँची हातवाली, जरा ऐटबाज, तिच्यावर जळती मेणबत्ती आणि दोन पुस्तकं, वेळ रात्रीची. वर्ष संपायच्या आत दोघांचं भांडण होऊन गोगँ निघून गेला. आता एक खुर्ची लंडनला असते आणि दुसरी अ‍ॅमस्टरडॅमला. वर्ग जरा गंभीर झाला. तेवढ्यात तेच काका म्हणाले, "म्हणजे खुर्चीवरून भांडणं सगळीकडेच."

मला स्वतःला ही कल्पना फार परकी वाटली नाही. समोर नसलेल्याच्या जागी काहीतरी मांडून काम भागवायची आपल्याला जुनी सवय आहे. भरताने चौदा वर्षं पादुकांच्या नावाने राज्य चालवलं. सांचीच्या तोरणांवरच्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात येतच नाही. झाड, रिकामं आसन, पावलं, चक्र, एवढ्यावरून बघणाऱ्याने ओळखायचं. वेशीवरच्या तांदळ्याला तरी नाकडोळे कुठे असतात? आणि पूजेला बायको हजर नसेल तर नवरा कनवटीला सुपारी लावून विधी उरकतो. माझ्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण ही सुपारी माझ्यासारखी दिसते का, असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

तर कल्पना पटली. हात मात्र चालेना.

पहिलं चित्र मी एका अमेरिकन चित्रकारावरून उचललं. चार्ल्स डीमथने १९२८ मध्ये विल्यम कार्लोस विल्यम्स या आपल्या कवीमित्राचं चित्र काढलं, त्यात माणूस नाहीच. लाल बंबावरचा सोनेरी ५ चा आकडा एकात एक तीनदा, मागे रस्ते, दिवे आणि कोपऱ्यांत मित्राच्या नावाचे तुकडे. विल्यम्सने अशाच धडधडत जाणाऱ्या बंबावर कविता लिहिली होती. मला वाटलं, आपलं काम सोपं आहे. आमची मैत्री सकाळच्या आठ चौदाच्या फास्ट लोकलमधली. काळ्या पार्श्वभूमीवर ८.१४ मोठ्ठं काढलं, लाल आणि पिवळ्यात, बाजूला फास्टचा एफ. दिसायला झकास दिसत होतं. शेजारच्या वहिनी आल्या, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "छान आलंय हो इंडिकेटर. पण गाडी कुठली, आसनगाव की बदलापूर?"

दुसऱ्या चित्रात मी तिच्या वस्तू मांडल्या. बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना, ज्यांनी डब्यातल्या निम्म्या बायकांचे पदर आणि चपलांचे अंगठे वाचवले. गवारीच्या शेंगांची पिशवी, कारण तिची संध्याकाळची भाजी दादर ते ठाण्यात निवडून व्हायची. भिशीची वही. मोडक्या दांडीची छत्री. सगळं नीट, सावल्यांसकट रंगवलं. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही बाई हरवली आहे का? सापडलेल्या सामानाचा पंचनामा वाटतोय."

राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला.

मग एका दुपारी कॅनव्हास आणायला फोर्टात गेले होते, तेव्हा काळ्या घोड्यापाशी थांबले. इतकी वर्षं नोकरी त्याच भागात केली, पण त्या जागेच्या नावाचा विचार कधी केला नव्हता. मूळ पुतळा पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा. अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला. राजपुत्र घोड्यावर बसलेला. लोकांनी मात्र नाव ठेवलं ते घोड्याचं. १९६५ मध्ये राजा-घोडा दोघेही तिथून हलले, आता ते भायखळ्याला राणीच्या बागेत आहेत. घोडा गेला तरी नाव राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला तो स्वाराशिवायच. मुंबईकरांना स्वार तेव्हाही दिसत नव्हता. उन्हात त्या मोकळ्या पाठीकडे बघताना माझ्या लक्षात आलं की मी चुकीची गोष्ट भरत बसले होते. मला पिना आणि गवार काढायचीच नव्हती. मला काढायची होती चौथी सीट.

हा प्रकार मुंबईबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण. लोकलच्या बाकावर तीन माणसं बसतात. तीनच माणसांसाठी तो केलेला असतो. पण चौथी बाई येते, उभी राहते आणि फक्त बघते. मग खिडकीतली भिंतीला चिकटते, मधली खांदा तिरका करते, तिसरी पर्स मांडीवर घेते आणि टोकाला थोडीशी जागा उगवते. तिला चौथी सीट म्हणतात. तिच्यावर बसता येत नाही, टेकता येतं. एक पाय वाटेत रोवून शरीराचा अर्धा भार स्वतःच पेलायचा. वळणावर गाडी झुकली की बाकीच्या तिघींच्या भरवशावर राहायचं.

१९९७ च्या पावसाळ्यात घाटकोपरला मी त्या गाडीत अक्षरशः ढकलली गेले. डोंबिवलीहून चढलेल्या बायका आधीच स्थानापन्न. माझी मुलगी सात महिन्यांची, रात्रीची झोप नाही, छत्रीचं पाणी कुणाच्या तरी पायावर गळतंय आणि ती बाई ओरडतेय. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "ए, ये इकडे. अर्धी बस." मग इतर दोघींना, "सरका गं जरा." मी टेकले. ती पुन्हा गवार निवडायला लागली. नाव विचारलं नाही, काही नाही. व्हीटी आल्यावर म्हणाली, "उद्या पुढच्या दाराने चढ."

तेवीस वर्षं मी पुढच्या दाराने चढले.

आता गंमत अशी की या तेवीस वर्षांत मी तिचा चेहरा फार कमी पाहिला. बाकावर माणसं शेजारी शेजारी असतात. मला तिचा आवाज, तिचं कोपर आणि साडीला येणारा शिकेकाईचा वास पाठ आहे. डोळे घारे की काळे हे मला छातीठोक सांगता येणार नाही. ती अट घालत होती ते बरंच झालं.

मध्ये सहा महिने आम्ही बोलत नव्हतो. कारण भिशी. तिचा नंबर माझ्या आधी होता, मला दिराच्या लग्नासाठी पैसे हवे होते, मी परस्पर दुसऱ्या एकीशी बोलून नंबर फिरवून घेतला. चूक माझी होती, पण तेव्हा मी ती मान्य केली नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत चढले तेव्हा पोटात गोळा होता. ती खिडकीबाहेर बघत होती. बघतच राहिली. पण मी बाकाजवळ पोचले तशी ती सरकली. मान न वळवता, एक शब्द न बोलता, रोजच्यासारखी. तिच्या सरकण्याने मधली सरकली, मधलीमुळे तिसरी. सहा महिने मी त्या अबोल्याच्या टोकावर बसून प्रवास केला. शेवटी दसऱ्याला डब्याची पूजा होती, झेंडूचं तोरण बांधायला दोघींचे हात लागत होते, तेव्हा ती म्हणाली, "गाठ नीट मार, तुझ्या गाठी सुटतात." एवढंच. भांडण मिटलं.

तर ही जागा काढायची. ती किती असते? मला आठवत होती ती अंगाला, डोळ्यांना नाही. म्हणून एका मंगळवारी दुपारी, गर्दी नसताना, पर्समध्ये शिवणाची टेप घालून मी गाडीत बसले. तिघी बसलेला बाक शोधला, टोकाशी उभी राहिले आणि मापायला लागले. टेप घसरत होती, म्हणून मग वीत लावली. भरली चार बोटं. चौथ्या सीटच्या वाट्याला चार बोटं, बाकी सगळी हवा. टोकाला बसलेली मुलगी कानातून हेडफोन काढून म्हणाली, "काकी, रेल्वेकडे कम्प्लेंट करताय का? माझी पण सही घ्या."

रंगवायला दीड महिना गेला. कॅनव्हास आडवा. त्यावर फक्त बाक, वरून पाहिल्यासारखा. डावीकडे खिडकी आहे हे कळावं म्हणून गजांच्या सावल्या बाकावर पडलेल्या, आणि त्या टोकापर्यंत पोचायच्या आत संपतात. तिघींच्या जागी मी नुसता फिका उजेड ठेवला. सगळी मेहनत त्या चार बोटांवर. अल्ट्रामरिनमध्ये थोडा बर्न्ट सिएना घालून तिथला रंग बनवला. अ‍ॅक्रिलिक ओलं असताना हवा तसा दिसायचा आणि वाळला की एक घर गडद व्हायचा. सकाळी उठून बघावं तर त्या जागेवर कुणी बसून गेल्यासारखं वाटायचं. आठ वेळा पुसला, नवव्यांदा तसाच सोडला. कडेला जिथे हजारो साड्या घासल्या गेल्या असतील तिथे बोटानेच थोडा पांढरा ओढला. ब्रशने ती झिलई येत नव्हती.

बाकाचा रंग खरा कोणता होता, हे मात्र तिला विचारायची हिंमत झाली नाही. आधी लाकडी पट्ट्यांचे बाक होते, मग डबे बदलले. माझ्या आठवणीत निळा आहे, म्हणून निळा.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आठ-पंधरा दिवस. मे महिन्यात ती घरीच बसल्याबसल्या रिटायर झाली. डब्यात केक नाही, साडी नाही, शेवटचा दिवस म्हणून रडारड नाही. त्या दिवशी मी फोन केला तर म्हणाली, "पास संपायला अजून दोन महिने होते गं." नंतर मी दोन वर्षं त्याच गाडीने गेले. चौथी सीट कुणी ना कुणी देत होतं. मुंबई आहे, देणारच.

प्रदर्शन दादरला एका छोट्या दालनात होतं, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी ती आली, गुडघ्याला पट्टा बांधून, डोंबिवलीहून एकटी. दारातून आत आली ती थेट पलीकडच्या भिंतीवरच्या चित्रापाशी. त्यात मोगऱ्याचा गजरा आणि वीणा होती. सीए मुलाने काढलेली त्याची आजी. (आजी मैत्रीण असू शकते, असं त्याने सरांना पटवलं होतं.) ती पाच मिनिटं तिथे उभी. डोळ्यांना पदर लावला. "किती सुंदर काढलंयस," मला म्हणाली, "पण मी वीणा कधी वाजवली?"

मी तिला हाताला धरून आमच्या बाकापाशी आणलं.

तिने बघितलं. मागे झाली, पुढे झाली. खालची पट्टी वाचली: 'चार बोटं जागा'. बराच वेळ काही बोलली नाही. मी तिच्या शेजारी उभी होते, त्यामुळे चेहरा याही वेळी दिसला नाही.

"बाक हिरवा होता," ती शेवटी म्हणाली.

"निळा होता."

"हिरवा. मी तिथे डोंबिवलीपासून बसायचे, तू घाटकोपरपासून टेकायचीस. कुणाला जास्त माहीत?" मग पट्टीवरची किंमत वाचली. "बारा हजार? चार बोटांचे? घाटकोपरचा भाव लावलास की काय?"

मी म्हटलं, विकायचं नाहीच, सर सांगतात म्हणून आकडा लिहायचा. तुझ्यासाठीच आहे. प्रदर्शन संपलं की पाठवते.

तिने दोन्ही हात पसरून चित्राची लांबी मापली, ओठांतल्या ओठांत काहीतरी हिशेब केला. हॉलमधली भिंत तेवढी एकच मोकळी, सोफ्याच्या वरची, आणि तिथे सासूबाईंचा हार घातलेला फोटो आहे.

"बसेल," ती म्हणाली. "सासूबाईंना सांगते, सरका जरा."