साधी सियोना आणि सहावं जनुक

"इतका साधा समुद्री जीव, म्हणजे आपला पूर्वजच ना?" सियोनावर काम करते असं सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

पूर्वज नाही. खडकाला चिकटून पाणी गाळणारी सियोना आजची आहे. बदलायला आपल्याला जितका काळ मिळाला तितकाच तिलाही मिळाला. 2006 साली जनुकांच्या तुलनेतून दिसलं की कणाधारींना ॲम्फिऑक्ससपेक्षा, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या बिनकण्याच्या छोट्या समुद्री जीवापेक्षा, तिचा गट जवळचा. म्हणजे ती चुलत बहीण, पणजी नव्हे.

पण तुम्हाला दोष कसा देऊ? एफजीएफ या संदेशवाहक प्रथिनांची जनुकं माणसात 22, सियोनात 6. संदेश झेलणारे ग्राही आपल्यात 4, तिच्यात 1. कणाधारींच्या पूर्वजांत अख्खा जनुकसंच दुप्पट होत गेला, प्रती वाढल्या. सियोनात मूळचं तेवढंच राहिलं. हे चित्र मलाही फार आवडायचं.

अडतं ते सहाव्या जनुकापाशी. पाचांची नाती आपल्या एफजीएफ-कुळांशी जुळतात. सहावं, एफजीएफ-एल, कुठेच बसत नाही. एका चर्चासत्रात मी या जनुकांचा वंशवृक्ष दाखवला, तेव्हा एक ज्येष्ठ संशोधक सहज म्हणाले, "ते काढून टाका, चित्र स्वच्छ होईल." सभागृहात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मला बोलता येईना. सियोनाच्या गटाची प्रथिनं झपाट्याने बदलतात, त्यामुळे वृक्षात त्यांच्या फांद्या लांबतात, आणि लांब फांद्या नातं नसतानाही एकमेकींना चिकटतात. पद्धत बदलली की एफजीएफ-एलची जागा बदलते. त्या रात्री मी ते खरंच काढून पाहिलं. वृक्ष सुरेख दिसला. मग परत घातलं. कारण ते ओळखू न येण्याइतकं बदललेलं एखादं जुनं कूळ असेल, तर सियोनाचं साधेपण मूळचं नाही, झिजून आलेलं आहे. नेमका हाच प्रश्न मी त्यातून पुसून टाकणार होते!

झीज होते याला पुरावा आहे. तिच्याच गटातल्या ओइकोप्लुराने भ्रूणाच्या घडणीत लागणाऱ्या रेटिनॉइक ॲसिडची संदेशयंत्रणा गमावली, तरी शरीराला आधार देणारा दांडा, पृष्ठरज्जू, शाबूत आहे.

यावर पूर्वीची मी विचारते: मग 32 पेशींच्या भ्रूणात एक एफजीएफ जेमतेम चार पेशींना चेतासंस्थेच्या वाटेला लावतं, इतकी नेमकी व्यवस्था झिजून उरते का? तिला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही. म्हणून सहावं जनुक माझ्या प्रत्येक वृक्षात राहतं.