व्हीलचेअर घेऊन गाव शोधलं: न्यू जर्सीतला माझा अनुभव

आम्ही मूळचे ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, गेली नऊ वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. व्हीलचेअर वापरतो, तोंडाने चार-पाच शब्द बोलतो, बाकी सगळं टॅबलेटवर चित्रं दाबून बोलतो आणि भरपूर बोलतो. मागच्या वर्षी आम्ही जर्सी सिटीचा फ्लॅट सोडून दुसऱ्या गावात राहायला गेलो, ते गाव ठरवायला आम्हाला चौदा महिने लागले. आमच्यासारखं कुणी शोधत असेल तर त्यांचे थोडे महिने तरी वाचावेत म्हणून सगळं लिहून काढतेय.

आधी फ्लॅट का सोडला ते सांगते. आम्ही अकराव्या मजल्यावर होतो. लहानपणी ठाण्यात शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी (त्या दिवशी गाडी चालवायची नसते), आम्ही मशिदीत चालत जायचो (आमच्यात जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतात, ठाण्याची शार हशामाईम 1879 सालची आहे), पण इथे आल्यावर ते सुटलंच होतं, लिफ्टचं बटण दाबायचो, गाडी काढायचो, सणासुदीला कुठल्यातरी सिनेगॉगमध्ये जाऊन यायचो. मग लेक पाच वर्षांचा असताना एका शुक्रवारी सासूबाई मेणबत्त्या लावून शेमा ही प्रार्थना म्हणत होत्या आणि हा त्यांच्याबरोबर सूर लावायला लागला, शब्द नाहीत पण चाल बरोब्बर. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं की याला दर आठवड्याला माणसांत न्यायचं, आणि चालत न्यायचं.

चालत न्यायचं म्हटलं की आमच्यासाठी एक शब्द येतो, एरुव्ह. ठाण्यात असताना मी तो कधी ऐकलाही नव्हता, इथे येऊन शिकले. शब्बाथला घराबाहेर वस्तू उचलून किंवा ढकलून न्यायला मनाई असते, बाबागाडी आणि व्हीलचेअरसुद्धा त्यात आली. मग गावातले लोक खांब आणि तारा वापरून वस्तीभोवती एक हद्द आखतात, म्हणजे आतला सगळा भाग एका घरासारखा धरला जातो आणि आत ढकलायला हरकत राहत नाही. ही हद्द दर आठवड्याला कुणीतरी फिरून तपासतं, आणि शब्बाथच्या आधी ती शाबूत आहे की नाही याचा मेसेज येतो. ज्यांचं मूल चालतं त्यांना एरुव्ह ही एक सोय वाटते पण आमच्यासाठी एरुव्ह नाही म्हणजे शनिवारी मूल घरात.

दुसरी बाजू शाळेची, आणि इथे मी सगळ्यात जास्त चुकले. न्यू जर्सीत जवळजवळ 600 स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग) आहेत, बहुतेक गावाचा स्वतःचा डिस्ट्रिक्ट आणि त्याला पैसा गावाच्या प्रॉपर्टी टॅक्समधून (हा टॅक्स इथे देशात सगळ्यात जास्त आहे). मेरीलँडसारख्या राज्यात अख्ख्या काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) एकच डिस्ट्रिक्ट असतो, इथे मात्र रस्ता ओलांडला की डिस्ट्रिक्ट बदलतो. अपंग मुलांना मोफत आणि योग्य शिक्षण मिळायलाच हवं हा केंद्राचा कायदा 1975 पासूनचा आहे, 1990 पासून त्याला आयडिया म्हणतात, तो सगळ्या गावांना सारखाच लागू आहे. पण शेजारशेजारच्या दोन गावांत त्याच कायद्याखाली मुलाला मिळणाऱ्या गोष्टी खूप वेगळ्या असू शकतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी काय केलं, तर शाळांचे रेटिंग काढले. दहापैकी नऊ, दहापैकी दहा अशी गावं वहीत लिहिली आणि त्यातल्या सगळ्यात वरच्या गावात (नाव लिहीत नाही) स्पेशल एज्युकेशन ऑफिसला फोन केला. त्या बाई नीट बोलल्या पण म्हणाल्या की अशी मुलं आम्ही सहसा गावाबाहेरच्या शाळेत पाठवतो, बसने जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास मिनिटं. मी वर्ग बघायला येऊ का विचारलं तर तुम्ही अजून इथे राहत नाही म्हणून नाही म्हणाल्या. फोन ठेवून मी बराच वेळ तशीच बसून होते. ते दहापैकी दहा ज्या मुलांच्या परीक्षांवरून काढलेत त्यात माझा मुलगा धरलेलाच नव्हता, आणि मी चार महिने त्या आकड्यांवरून गावं चाळत होते.

त्यानंतर पद्धत बदलली. न्यू जर्सीत प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये स्पेशल एज्युकेशनच्या पालकांचा एक सल्लागार गट असावाच लागतो, त्याला सेपॅग म्हणतात. मी तीन गावांत विनंती करून त्यांच्या मीटिंगला ऑनलाइन बसले, आणि एका तासात जे कळलं ते कुठल्याही वेबसाइटवर नव्हतं. कुठे फिजिकल थेरपिस्ट रोज शाळेत असते आणि कुठे आठवड्यातून एकदा येते, कुठे एड (मुलाबरोबर राहणारे मदतनीस) सारखे सोडून जातात, कुठल्या शाळेची लिफ्ट बंद पडली की व्हीलचेअरवालं मूल अख्खा दिवस खाली बसतं. आईबाप बोलतात तेव्हा नुसत्या तक्रारींकडे लक्ष देऊ नका, तक्रार केल्यावर पुढे काय झालं ते विचारा, मला खरा फरक तिथेच दिसला. आणि स्पॅन म्हणून न्यू जर्सीची पालकांना मदत करणारी संस्था आहे, तिथे फोनवर फुकट समजावून सांगतात, माझे निम्मे प्रश्न तिथे सुटले.

कागदाचंही सांगते कारण भीती त्याचीच वाटते. राज्यातल्या राज्यात गाव बदललं तर मुलाचा आयईपी (त्याला शाळेत कुठल्या सेवा द्यायच्या ते लिहिलेला आराखडा) घेऊन जायचा, नव्या डिस्ट्रिक्टला लगेच साधारण त्याच्यासारख्याच सेवा सुरू कराव्या लागतात, मग ते तो आयईपी तसाच ठेवतात किंवा नवा करतात. पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्यांना मात्र तुमच्या संमतीपासून तपासण्या होऊन आयईपी सुरू होईपर्यंत 90 दिवस धरावे लागतात, म्हणजे जूनमध्ये घर बदलून सप्टेंबरला सगळं तयार मिळेल असं समजू नका. राज्यच बदलायचा विचार असेल तर मेडिकेडच्या (सरकारी आरोग्य योजनेच्या) वेव्हरची, म्हणजे अपंगांना घरी मिळणाऱ्या जास्तीच्या सेवांची, आधी चौकशी करा, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बरोबर नेता येत नाही, नव्या राज्यात परत अर्ज आणि रांग असेल तर परत रांग. आम्ही न्यू जर्सी सोडली नाही त्याचं हे मोठं कारण.

ज्यू शाळेचाही विचार केला. सिनाई स्कूल्स म्हणून 1982 पासून स्पेशल मुलांसाठी ज्यू शाळा आहेत, त्या मोठ्या ज्यू शाळांच्या इमारतीतच चालतात, लिव्हिंगस्टनला आहे, रिव्हर एजला आहे, त्यामुळे मुलं वेगळी पडत नाहीत. कल्पना मला अतिशय आवडली. पण धार्मिक शाळेची फी घरातूनच जाते, आणि मी नोकरी सोडलेली, एका पगारात भाडं आणि फी बसत नव्हती. खाजगी शाळेतल्या मुलांनाही सरकारी खर्चाने स्पीच थेरपीसारख्या काही सेवा मिळतात, 1977 चे 192 आणि 193 नंबरचे कायदे आहेत, पण माझ्या मुलाला जेवढं लागतं तेवढं त्यात भागलं नसतं. म्हणून शाळा पब्लिक, हिब्रू रविवारी, आणि बाकी सिनेगॉगमध्ये जे कानावर पडेल ते.

मग आम्ही गावं बघायला लागलो, दर रविवारी. भाड्याला असलेल्या एखाद्या घरापासून सिनेगॉगपर्यंत मुलाला व्हीलचेअरमध्ये बसवून खरोखर चालत जायचं, नकाशावर बघायचं नाही. मूल आणि खुर्ची मिळून चाळीस किलोच्या वर होतात. वेस्ट ऑरेंजला आम्हाला माणसं फार आवडली, पण ते गाव डोंगरावर आहे, नकाशावर बारा मिनिटं दिसतात आणि चढावर ढकलताना नवऱ्याचा शर्ट ओला झाला, मला एकटीला ते जमलंच नसतं. टीनेकला सिडार लेनवर सगळं कोशर (ज्यू नियमांप्रमाणे चालणारं खाणं) मिळतं, सिनेगॉग भरपूर, तिथे आम्ही पाच वेळा गेलो, पण आमच्या बजेटमधली घरं निघाली स्प्लिट-लेव्हल, म्हणजे दारातून आत गेलं की सहा पायऱ्या वर नाहीतर सहा खाली. व्हीलचेअरवाल्यांनी असली घरं बघण्यात वेळ घालवू नये.

लिव्हिंगस्टनने मन ओढलं. तिथे फ्रेंडशिप सर्कल या स्पेशल मुलांसाठीच्या ज्यू संस्थेचं लाइफटाउन आहे, एका मोठ्या इमारतीत छोटं गावच उभं केलंय, दुकानं आहेत, बँक आहे, मुलं पैसे घेऊन खरेदी करायला शिकतात. आमच्या लेकाने टॅबलेटवर दोनदा ‘अजून’ दाबलं. पण आम्हाला परवडणारी घरं सिनेगॉगपासून लांब होती. तिथे महिन्यातून एकदा गाडीने जायचं ठरवलं आणि गाव सोडलं, ते सोडताना मी रडले होते.

सिनेगॉगला फोन करून व्हीलचेअरची सोय आहे का विचारलं तर सगळेच हो म्हणतात. अमेरिकेत 1990 चा अपंगांसाठीचा कायदा आहे पण धार्मिक संस्थांना त्यातून सूट आहे, म्हणजे त्या कायद्याखाली रॅम्प बांधायला त्यांना भाग पाडता येत नाही, बांधला असेल तर बऱ्याचदा मनाने बांधलेला असतो. म्हणून बारीक विचारा. मुख्य दारातूनच जाता येतं की मागच्या कचऱ्याच्या डब्यांजवळच्या दारातून, बायका वेगळ्या बसतात त्या बाजूला खुर्ची जाते का, टॉयलेटचं दार किती इंच, बिमाला (तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, जिथे वाचतात त्या चौथऱ्याला) पायऱ्या किती. आमचा मुलगा तेरा वर्षांचा होईल तेव्हा त्याला तोरासमोर जायचंय, सहा वर्षं आहेत, पण मी हे आत्ताच विचारलं.

आणि टॅबलेटचा प्रश्न. शब्बाथला वीज वापरायची नाही, आणि याचा तर आवाजच टॅबलेटमध्ये आहे. एका रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) मी हे विचारलं तेव्हा ते आधी खुर्ची ओढून लेकाच्या समोर बसले, त्याला विचारलं की तुला सिनेगॉगमध्ये काय बोलायला आवडेल, आणि त्याला शोधायला तीन-चार मिनिटं लागली तेवढा वेळ ते गप्प थांबले. त्याने ‘गाणं’ दाबलं. मग त्यांनी दोन आठवडे घेऊन उत्तर दिलं की शुक्रवारीच टॅबलेट चालू करून ठेवा, जिथे चित्रांच्या कागदी पाटीवर भागतं तिथे ती वापरा, आणि जिथे नाही भागत तिथे त्याला बोलू द्या. हे आमच्यासाठीचं उत्तर आहे, प्रत्येकाने आपल्या रब्बींना विचारावं. पण मला गाव तिथेच मिळालं होतं.

ते गाव म्हणजे हायलँड पार्क. अगदी छोटं, दोन चौरस मैलसुद्धा नाही, रॅरिटन नदी ओलांडली की न्यू ब्रन्सविक आणि तिथे चिल्ड्रन्स स्पेशलाइज्ड हॉस्पिटल, म्हणजे थेरपी आणि खुर्चीची दुरुस्ती पुलापलीकडे. एरुव्ह आहे, शेजारच्या एडिसनच्या भागातही आहे. फूटपाथ आहेत आणि आमचा रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. जॉन्सन पार्कात नदीकाठी थोडे प्राणी ठेवलेत, लेकाला तिथल्या बकऱ्या पुरतात. आणि एडिसनचा ओक ट्री रोड जवळ, पोहे, वाल, नारळ, सोलं सगळं मिळतं. कुणाला ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, मला नाही वाटली, सासूबाई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात आणि मलिद्याला (पोह्यांचा आमचा धार्मिक प्रसाद) जाड पोहे चालत नाहीत.

एक बोलायचं राहिलं. अनेक ठिकाणी आम्हाला विचारलं गेलं की तुम्ही धर्म कधी बदललात. नवगावच्या किनाऱ्याला लागलेले पूर्वज, घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली, हे सगळं मी दर वेळी सांगायचे. इस्रायलमध्येसुद्धा आमच्या लोकांना 1964 पर्यंत लढून पूर्ण ज्यू म्हणून मान्यता घ्यावी लागली. मुलाच्या अपंगत्वाबद्दल रोज समजावून सांगावं लागतं, त्यावर हेही समजावत बसायची माझ्यात ताकद उरत नाही, म्हणून जिथे पहिल्या भेटीत हा प्रश्न आला नाही ते मी वहीत वेगळं लिहून ठेवलं होतं. नव्या घरात सासूबाईंनी एलियाहू हन्नाबीचा (प्रेषित एलियाहूचा) मलिदा केला तेव्हा शेजारच्या दोन कुटुंबांना बोलावलं, त्यांनी आधी कधी बघितलाही नव्हता, सगळे बसले, फळं घेतली, बराखा (आशीर्वादाच्या प्रार्थना) म्हटल्या, लेकाने ‘आमेन’चं बटण शंभरदा दाबलं.

घर भाड्याचंच घेतलंय, एकमजली, पुढच्या दाराला दोन पायऱ्या, त्यावर ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प टाकतो. बाथरूमचं दार अरुंद आहे, त्याला उचलून न्यावं लागतं आणि तो वाढतोय, त्यामुळे ऑगस्टमध्ये करार संपायच्या आत दुसरं बघतोय. याच भागात एक छान घर आहे, दारं रुंद, भाडं कमी, सासूबाईंना मागचं अंगणही आवडलंय. पण एरुव्हची तार त्या घराच्या दोन गल्ल्या अलीकडेच वळते, मी तीनदा चालत जाऊन बघितलं, म्हणून घरमालकाला नको असं कळवलं.