ऑफिसच्या डोमेनचं नाव बदलताना: माझा अनुभव

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम क्लिअरिंग ऑफिसचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क मी सांभाळतो. दोन भावांची भागीदारी सुटली, फर्मला नवं नाव मिळालं. लेटरहेड, जीएसटी, बँकखातं सगळं बदलून झालं, पण रोज सकाळी लॉगिन करताना पडद्यावर जुनंच नाव यायचं. थोरल्या साहेबांना ते बघवेना. "तेवढं नाव बदलून टाक ना," म्हणाले.

त्यांचं दुखणं खरं होतं, म्हणून मी नाही म्हटलं नाही. पण त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की आधी तपासणार, मगच हात लावणार. विंडोज सर्व्हरवरच्या डोमेनचं, म्हणजे ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर आणि लॉगिन एकत्र बांधणाऱ्या व्यवस्थेचं, नाव दारावरच्या पाटीसारखं उतरवून दुसरं लावता येत नाही. ते प्रत्येक कॉम्प्युटरच्या ओळखीत, डीएनएसमध्ये (नावावरून कॉम्प्युटरचा पत्ता शोधणाऱ्या यादीत), ग्रुप पॉलिसीत (सगळ्या कॉम्प्युटरना एकत्र लागू होणाऱ्या नियमांत) आणि सामायिक फोल्डरच्या पत्त्यांत मुरलेलं असतं.

पहिला प्रश्न मेल सर्व्हरचा. ऑफिसात स्वतःचा एक्स्चेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, असेल, तर विषय तिथेच संपतो. एक्स्चेंज 2007 आणि त्यानंतरच्या आवृत्त्या जिथे आहेत, तिथे डोमेनचं नाव बदलणं मायक्रोसॉफ्टला मान्यच नाही. यांची मेल बाहेरच्या सेवेवर होती आणि स्वतःची सर्टिफिकेट ऑथॉरिटीही (डिजिटल सर्टिफिकेटं देणारी यंत्रणा) नव्हती, म्हणून पुढे जाता आलं.

दुसरा मार्ग होता कोरं डोमेन उभारून सगळे कॉम्प्युटर त्यात घेण्याचा. वरवर तो जास्त स्वच्छ वाटतो. पण नव्या डोमेनमध्ये प्रत्येक खात्याचा एसआयडी, म्हणजे विंडोज ज्याने खातं ओळखतं तो अंतर्गत क्रमांक, नवा होतो. डेस्कटॉप, सेव्ह केलेली मांडणी, फोल्डरवरच्या परवानग्या पुन्हा बसवाव्या लागतात. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कागदपत्र, भरायला उशीर झाला तर दंड लागतो. अशा ऑफिसात सोमवारी सगळ्यांचे डेस्कटॉप कोरे दिसणं परवडणारं नव्हतं. नाव बदललं तर एसआयडी तेच राहतात. माझ्यासाठी निर्णायक मुद्दा हाच होता.

नवं नाव ठरवायलाही वेळ घेतला. जुन्या नावाच्या शेवटी 'डॉट लोकल' होतं. एके काळी सगळे तसंच ठेवायचे. पण 2013 च्या आरएफसी 6762 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने ते शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी (एकाच नेटवर्कवरची उपकरणं सर्व्हरविना एकमेकांना शोधतात त्या पद्धतीसाठी) राखून ठेवलं, आणि ॲपलची उपकरणं ते तसंच वापरतात. साहेबांच्या केबिनमधल्या मॅकला सर्व्हर कधी सापडायचा, कधी नाही. शिवाय अशा अंतर्गत नावांसाठी बाहेरच्या कंपन्यांकडून मिळणारी सर्टिफिकेटं 2016 पर्यंत पूर्ण बंद झाली. वेबसाइटचंच नाव आत वापरलं तर ऑफिसातून वेबसाइट उघडताना डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर, मध्ये येतो. म्हणून फर्मच्या नोंदणीकृत नावाआधी 'एडी' लावून उपडोमेन घेतलं.

मग तालीम. दोन्ही डोमेन कंट्रोलरच्या बॅकअपवरून व्हर्च्युअल मशीन उभी केली, खऱ्या नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली, आणि तिथे रेनडॉम हे डोमेनचं नाव बदलायचं मायक्रोसॉफ्टचं साधन चालवून पाहिलं. हे काम डोमेन कंट्रोलरवरून करत नाहीत, डोमेनमधल्या एका साध्या मशीनवरून करतात. नव्या नावाचा डीएनएस झोन आधीच तयार लागतो. नावांची यादी अपलोड केली की 'एंड' देईपर्यंत फॉरेस्टची (डोमेन ज्यात असतं त्या पूर्ण व्यवस्थेची) रचना गोठते, नवा डोमेन कंट्रोलर जोडता येत नाही. 'प्रिपेअर'च्या टप्प्यावर प्रत्येक डोमेन कंट्रोलरने तयार असल्याचं उत्तर द्यावं लागतं. 'एक्झिक्यूट' दिलं की ते आपोआप रीस्टार्ट होतात. त्यानंतर जीपीफिक्सअप या साधनाने ग्रुप पॉलिसीतले दुवे दुरुस्त करायचे. डोमेन कंट्रोलरच्या स्वतःच्या पूर्ण नावातलं जुनं शेपूट मात्र तसंच राहतं, ते नेटडॉम या दुसऱ्या साधनाने वेगळं बदलावं लागतं.

तालमीतून खरी कमाई झाली ती न दिसणाऱ्या जागांची. टॅलीचा डेटा ज्या ड्राइव्हवर होता, त्याचा पत्ता सर्व्हरच्या पूर्ण नावाने लिहिलेला. झेरॉक्स मशीन स्कॅन केलेले कागद फोल्डरमध्ये टाकायचं, त्यात युजरच्या आधी जुनं डोमेन. रात्रीचा बॅकअप, काही शेड्यूल्ड टास्क, जुनी लॉगिन स्क्रिप्ट, सगळीकडे तेच. अकाउंट्सच्या ताई शेजारी बसून सांगत गेल्या, कोण कुठला फोल्डर कसा उघडतो. त्यांच्याशिवाय ती यादी पुरी झालीच नसती.

सगळ्यात जास्त काळजी न्हावा शेवा बंदरावर काम बघणाऱ्या ऑफिसच्या मुलाच्या लॅपटॉपची होती. तो व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून सुरक्षित जोडणीने, ऑफिसला जोडलेला. नाव बदलल्यावर डोमेनमधला प्रत्येक कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कवर असताना दोनदा रीस्टार्ट व्हावा लागतो; दुरून जोडलेल्याला नवं नाव कळत नाही आणि त्याला डोमेनमधून काढून पुन्हा घ्यावं लागतं. त्याला म्हटलं, "शनिवारी लॅपटॉप घेऊन इकडेच ये." "येतो दादा, पण सोमवारी सकाळी मला गेटवर पोचायलाच हवं," तो म्हणाला. वायफायवरचे लॅपटॉपही त्या दिवशी केबलने जोडले. प्रत्येक मशीनचा लोकल ॲडमिन पासवर्ड आधी चालवून पाहिला, कारण डोमेनने ओळख नाकारली तर आत शिरायला तेवढंच दार उरतं.

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक होता, म्हणून शनिवारी संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्याबरोबर सुरुवात केली. दोन्ही सर्व्हरचा सिस्टम स्टेट बॅकअप (डोमेनच्या माहितीसकट) घेतला, वेगळ्या मशीनवर उघडून खात्री केली, मगच 'एक्झिक्यूट'. तालीम झालेली असल्यामुळे रात्र शांत गेली. रविवारी यादी हातात घेऊन एकेक पत्ता बदलला. सोमवारी पहिलं बिल ऑफ एंट्री वेळेत गेलं.

रेनडॉमचं 'क्लीन' मात्र लगेच दिलं नाही. त्याने जुन्या नावाचे उरलेले संदर्भ पुसले जातात, आणि एखादं मशीन दोनदा रीस्टार्ट व्हायचं राहिलं असेल तर ते बाहेरच राहतं. सुट्टीवरचे सगळे परतले, त्यांची मशीन यादीत टिक केली, मग दिलं.

पुढे दादरच्या एका सीए ऑफिसने हेच काम मागितलं. त्यांच्याकडे एक्स्चेंज होता. तिथे मी डोमेनला हात लावला नाही, फक्त नव्या नावाचा यूपीएन सफिक्स, म्हणजे लॉगिन नावात '@' नंतर येणारा भाग, जोडला. आता तिथले लोक आपल्या ईमेल पत्त्यानेच लॉगिन करतात आणि जुनं नाव टाइप करायची वेळ येत नाही. बॅलार्ड इस्टेटच्या साहेबांनाही आधी हाच मार्ग सुचवला होता. पण लॉगिनच्या पडद्यावरून जुनं नाव त्याने पूर्ण जात नाही, आणि त्यांना तेच नको होतं.